बांयचं पाणी आणि बैराचा खड्डा

(पाऊस. माडांच्या भाटातली पायवाट, शेवटी चिऱ्यांची गोल विहीर. रहाटाची करकर.)

ही आमच्या आत्याची बांय. म्हणजे विहीर, पण फोंड्याकडे आम्ही मराठी बोलतानासुद्धा बांयच म्हणतो. जून संपत आलाय, पाणी इतकं वर आलंय की वाकून कळशी बुडवावी, आणि आत्या लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून हेच पाणी पितेय आणि आल्यागेल्याला कौतुकाने पाजतेय, आमच्याकडे बाटलीतलं लागत नाही हो, असं म्हणून. आता कॅमेरा जरा डावीकडे घेतो. तुळशीच्या मागे ती दोन चौकोनी झाकणं दिसतायत ना, ती सेप्टिक टँक. विहीर आणि टाकी, मध्ये अंतर किती, हे या घरात कोणी कधी मोजलं नव्हतं. मोजलं माझ्या आत्येबहिणीने, आणि ते सुचायला तिला आफ्रिकेत जाऊन यावं लागलं.

ताई सिव्हिल इंजिनियर. एका बिल्डरकडे ड्रेनेज-प्लंबिंगचं बघायची, म्हणजे सोक पिट, सांडपाणी जमिनीत जिरवायचा खड्डा, तो कुठे, पाइपला उतार किती, असली कामं. शाळेत तिने तिसरी भाषा पोर्तुगीज घेतली होती, मार्क बरे पडतात म्हणून, गोव्यात काही शाळांत अजून मिळते ती. आत्या तेव्हा म्हणाली होती, पाखले, म्हणजे पोर्तुगीज, गेले एकसष्ट साली, आता त्यांची भाषा शिकून कोणाला पत्र लिहिणार आहेस?

मार्च २०१९. १४ तारखेच्या रात्री इडाय नावाचं चक्रीवादळ मोझांबिकमधल्या बैरा या बंदराच्या शहरावर आदळलं. एकट्या मोझांबिकमध्ये सहाशेहून जास्त माणसं गेली. आपल्या नौदलाची जहाजं मदतीला पोचली होती, ते बऱ्याच जणांना आठवत असेल. पण दोन आठवडे होतायत तोवर दुसरं संकट, कॉलरा. एप्रिलमध्ये तिथे तोंडावाटे द्यायच्या लसीचे जवळपास ९ लाख डोस नेऊन द्यावे लागले. घरं पडली ते सगळ्यांना दिसतं हो, पण शौचाचे खड्डे भरून वाहिले आणि ते पाणी पिण्याच्या पाण्यात गेलं, हे फोटोत येत नाही.

मोझांबिकचा कारभार पोर्तुगीजमध्ये चालतो, म्हणून एका संस्थेला पाणी-सांडपाण्यातली आणि पोर्तुगीज येणारी माणसं हवी होती. ताईने फॉर्म भरला. पावसाळा संपल्यावर तीन महिने. पगार नाही, राहणं-जेवण त्यांचं, तिकीट हिचं. आत्याचं एकच म्हणणं, "पयलीं आपलें घर पळय." आधी आपलं घर बघ. तेव्हा ती रागाने म्हणाली होती, पण ते वाक्य लक्षात ठेवा.

(बैरातले मोबाईलवरचे व्हिडिओ. सपाट जमीन, पत्र्याची छपरं, चर.)

ताई लॅपटॉपमध्ये सेप्टिक टँकची ड्रॉइंग घेऊन गेली होती. एकदम कडक ड्रॉइंग, दोन चेंबर, व्हेंट पाइप, सगळं. पहिल्याच आठवड्यात एका वस्तीत खड्डा मारायला घेतला तर कमरेइतकंही खणून झालं नाही आणि खालून पाणी. बैरा समुद्राच्या इतक्या जवळ आणि इतकं खोलगट आहे की भरतीचं पाणी शहरात शिरू नये म्हणून चराच्या तोंडाशी दारं बसवावी लागतात. ताई म्हणते, मला आपली खाजनंच आठवली, खाडीकाठची सखल शेतं, बांध आणि मानस, म्हणजे पाणी अडवायची दारं. म्हणजे जी गोष्ट तिला लहानपणापासून माहीत होती, खाजनात कोणी संडासाचा खड्डा मारत नाही, ती ड्रॉइंग काढताना डोक्यातच आली नाही. तिथले गवंडी बाजूला उभे राहून हसत होते, वाईट हसणं नाही, पण हसत होते.

त्यातला एक म्हातारा गवंडी, त्याला सगळे मेश्त्रे म्हणायचे. मेश्त्रे म्हणजे आपला मेस्त्री! शब्द पोर्तुगीजमधूनच आलाय. बाल्दे म्हणजे बादली, शावे म्हणजे चावी, जनेला म्हणजे आपलं जनेल, खिडकी. ताईची शाळेतली पोर्तुगीज पहिल्या दिवशी अडखळली, पण मराठी शब्दच उलटे फिरवून तिने अर्धी साइट चालवली, असं ती सांगते, थोडं फुगवून सांगते बहुतेक.

तर मेश्त्रेने तिला लादी दाखवली. संडासाच्या खड्ड्यावर टाकायची गोल लादी, दीड मीटर व्यासाची, मधोमध जरा फुगीर, उपडी ठेवलेली काहील जशी. आत लोखंडाची सळी एकही नाही. ताईला पटेना, सळीशिवाय स्लॅब? पण त्या फुगवट्यामुळे वजन कडेकडे ढकललं जातं, काँक्रीट नुसतं दाबलं जातं, ताणलं जात नाही, आणि दाब सोसण्यात काँक्रीटचा हात कोण धरणार. ब्योर्न ब्रांडबर्ग नावाच्या स्वीडिश माणसाने १९७९ मध्ये मोझांबिकमध्येच ही लादी बसवली, आज सॅनप्लॅट म्हणून जगभर माहीत आहे. सळी महाग आणि मिळायची मारामार, म्हणून सळीच काढून टाकली, आणि मधलं भोक एवढं लहान ठेवलं की पोरगं आत पडायची भीती नको. आठवडाभर ओली पोती टाकून पाणी मारायचं, मग परीक्षा. सहा जण एकदम लादीवर उभे. ताई पण चढली. नाही मोडली.

आणि खड्डा? तो खाली नाही, वर. जमिनीच्या वर काँक्रीटच्या रिंगा रचायच्या, बाजूने माती भरायची, दोन-तीन पायऱ्या चढून वर जायचं.

मग ताईने तो प्रश्न विचारला जो, खरं सांगतो, तिने गोव्यात कधी क्लायंटला विचारला नव्हता. हे भरलं की उपसणार कोण? मेश्त्रे तिला गल्लीत घेऊन गेला. एवढीशी गल्ली, टँकर सोडा, रिक्षापण शिरणार नाही. तिथे दोन माणसं हातपंप घेऊन आलेली, लांब पीव्हीसी पाइप, वर दांडा, गल्पर म्हणतात त्याला. वरखाली केलं की मैला पाइपातून पिंपात, पिंपं हातगाडीवर. हातात रबरी मोजे, पायात गमबूट. ज्या घरचा खड्डा ते घर पैसे देतं. हा सगळा व्यवहार तिथल्या लोकांनी बसवलेला. बाहेरून आलेल्या माणसाने त्यात काय करायचं, तर लादीचे साचे वाढवायचे, हिशोबाची वही लावून द्यायची, विहिरीपासून किती लांब ते मोजून द्यायचं. ताईने तीन महिने तेवढंच केलं. तिच्या ड्रॉइंगमधलं एकही चेंबर तिथे बांधलं गेलं नाही.

वस्तीच्या टोकाला एक चकचकीत संडास होता, बाहेरच्या कुठल्या तरी ग्रुपने पंधरा दिवसांत बांधलेला, भिंतीवर हाताचे रंगीत ठसे, आत फ्लशचा कमोड. पाण्याची लाइन नव्हती. मका ठेवायचे त्यात.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, हैतीची. २०१० मध्ये तिथे भूकंप झाला, जगभरातून मदत गेली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात कॉलरा फुटला, जो त्या देशात त्याआधी नव्हता. शोध घेत घेत लोक पोचले संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या एका तळापाशी. तळाचं सांडपाणी नदीत जात होतं. ८ लाखांवर लोकांना लागण झाली, १० हजारांच्या आसपास मेले. संयुक्त राष्ट्रांनी माफी मागितली २०१६ च्या डिसेंबरात, म्हणजे सहा वर्षांनी. मदतीला गेलेल्यांचाच संडास नीट नव्हता. ताई निघायच्या आधीच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, तुमचं स्वतःचं कुठे जाणार ते आधी सांगा.

कोणाला जायचं असेल तर रस्ते आहेत. युनायटेड नेशन्स व्हॉलंटियर्स १९७० पासून आहे, निर्वाहभत्ता देतात, घरबसल्या ऑनलाइन करायची कामंही असतात. रेडआर ही संस्था १९८० मध्ये ब्रिटनमध्ये निघाली, आपत्तीच्या जागी इंजिनियर पाठवायला, भारतातलं त्यांचं ऑफिस पुण्यात आहे, ट्रेनिंग देतात. अमेरिकेतल्या इंजिनियर्स विदाउट बॉर्डर्सची पद्धत मला आवडली, एका गावाशी निदान पाच वर्षं बांधून घ्यायचं, बांधलं आणि पळालं नाही. आणि जिथे नुसते पैसे भरून दोन आठवड्यांचं पॅकेज मिळतं, तिथे जायचं असेल तर जा, पण त्याला सहल म्हणा.

(पुन्हा फोंडा. आत्याचं अंगण. पाऊस थांबलाय.)

ताई परत आली आणि मागोमाग लॉकडाऊन. घरात बसून माणूस काय करणार, तिने टेप घेतली. विहिरीच्या कठड्यापासून सोक पिटपर्यंत, नऊ मीटर. ताई स्वतः कामावर प्लॅनमध्ये पंधरा मीटर दाखवून देते, आणि हिच्याच घरी नऊ!

आत्याचं म्हणणं, आमची टाकी बांधल्यापासून कधी भरलीच नाही, इतकी चांगली. गोव्यात हे वाक्य तुम्हाला प्रत्येक वाड्यावर ऐकायला मिळेल, मोठ्या फुशारकीने. आता जरा विचार करा. घरात सहा माणसं, रोजचा वापर, आणि टाकी तीस वर्षांत भरत नाही, तर जातं कुठे? सेप्टिक टँकमध्ये गाळ खाली बसतो, दोन-तीन वर्षांनी तो उपसायलाच लागतो. न भरणारी टाकी म्हणजे फुटकी टाकी, नाहीतर बुडाला काँक्रीटच नाही, नुसते चिरे. आणि आपला जांभा दगड, तो तर स्पंज, पावसाळ्यात विहीर चार तासांत वर येते ती याच दगडातून झिरपून. पणजीला टोंकाला शुद्धीकरण प्रकल्प आहे, आणखी थोड्या ठिकाणी गटाराची लाइन आहे, बाकी गावागावांत आम्ही याच टाक्यांवर चाललोय. आमच्या जुन्या डुकरांच्या संडासांना, जिथे मैला डुकरंच खायची, पर्यटक हसायचे, निदान तिथे कुठे जातंय ते दिसायचं तरी.

टँकर बोलावला. झाकण उघडलं, पाइप सोडला, वरचं पातळ गेलं आणि खाली गाळ दगडासारखा. टँकरवरचा पोरगा शर्ट काढून आत उतरायला निघाला, सवयीने, कोणी सांगितलं नव्हतं त्याला. ताई इतक्या जोरात ओरडली की शेजारचे बाहेर आले. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला आत उतरवणं गुन्हा आहे, आणि टाकीतल्या विषारी वायूने माणूस दोन श्वासांत आडवा होतो, वर काढायला गेलेला दुसराही जातो. पोरगा म्हणाला, ताई, रोजचंच आहे. पाण्याचा फवारा मारून गाळ सैल केला, परत पाइप घातला, एका तासाचं काम दुपारपर्यंत गेलं आणि टँकरवाल्याने जादा पैसे घेतले, द्यायलाच हवे होते.

त्याआधीच ताईने एक छोटी बाटली आणली होती, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं आणि उबेला ठेवायचं. मैल्यातले जंतू असले तर पाणी काळं पडतं. भारतातच ऐंशीच्या दशकात निघालेली टेस्ट, पक्का रिपोर्ट लॅबचाच, पण आत्याला लॅबचा कागद दाखवून काही झालं नसतं. बाटली चुलीजवळच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी. पहिल्या संध्याकाळी काही नाही, आत्या खूश. दुसऱ्या सकाळी चहा ठेवायला गेली आणि तिथेच उभी राहिली. बाटली काजळासारखी काळी. ती काही बोलली नाही, चहाचं आधण ओतून दिलं आणि दुसरं ठेवलं, आणि ते खूप वेळ उकळू दिलं.

आता टाकीला बूड केलंय, आतून गिलावा, आणि सोक पिट भाटाच्या उताराला, बाविसाव्या मीटरवर. पाणी अजून उकळूनच पितात. मेश्त्रेचा मधूनमधून व्हॉइस मेसेज येतो, परवाच्यात तो विचारत होता, फोसा झाली का, म्हणजे टाकी झाली का, आणि मागे कोंबडे ओरडत होते.

(चुलीजवळची फळी. सात बाटल्या.)

या शेजाऱ्यांच्या. आत्याने स्वतः घरोघर जाऊन गोळा केल्यात, प्रत्येकीवर चिकटपट्टी, त्यावर तिच्या अक्षरात, वयलें घर, मेस्त्रीची बांय, देवळाकडची. दोन कालच काळ्या पडल्या. देवळाकडची अजून स्वच्छ आहे, पण तिला आजची रात्र जायची आहे.