नाव इन्चार्ज, सही दुसऱ्याची

श्रोते हो, नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, नवं काम आलंय असं समजा. पंपाची बॉडी, वजन अठरा किलो, बिडाचा ग्रेड एफजी २६०. पार्टीला सहा आठवड्यांत पाच सँपल हवेत. मालक डेव्हलपमेंटमधल्या एका तरतरीत पोराला बोलावतात आणि म्हणतात, "हे तू बघ रे." पोरगा मान हलवतो. जबाबदारी त्याच्या डोक्यावर आली, पण हातात काय आलं? पॅटर्न, म्हणजे साच्यासाठीचा नमुना, बनवणाऱ्याला ॲडव्हान्स द्यायचा तर सही अकाउंट्सची. मोल्डिंगला, म्हणजे वाळूचा साचा भरायला, बॉक्स लावायचा तर हुकूम प्रॉडक्शन सुपरवायझरचा. कोअर बॉक्समध्ये, म्हणजे आतल्या पोकळीच्या साच्यात, दोन मिलिमीटरचा फरक करायचा तर परवानगी मालकांची, आणि मालक त्या दिवशी पुण्याला गेलेले.

सहावा आठवडा उलटतो, सँपल जात नाही, आणि सगळे त्या पोराकडं बोट दाखवतात. पोरगं आळशी नव्हतं. त्याला अधिकार न देता इन्चार्ज केलं होतं. आज बोलायचं आहे ते या एवढ्याच गोष्टीवर.

आपल्याकडचे बहुतेक कारखाने खात्यांत वाटलेले असतात. पॅटर्न, मोल्डिंग, फर्नेस, फेटलिंग म्हणजे ओतलेल्या मालाची साफसफाई, मशीनशॉप, क्वालिटी, खरेदी. रोजच्या मालाला ही रचना उत्तम आहे. मोल्डिंगचा साहेब स्वतः वाळूतला माणूस असतो, त्याला वाळूतला ओलावा मुठीत कळतो, नवा कामगार त्याच्या हाताखाली तयार होतो. हेन्री फयोल नावाच्या फ्रेंच खाण इंजिनियरनं १९१६ साली एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून हुकूम मिळावा असं लिहून ठेवलं, ते इथं आपोआप पाळलं जातं.

अडचण येते ती सगळ्या खात्यांतून जाणाऱ्या कामाची. त्याला कोणी वाली नसतो. पंपाच्या त्या बॉडीचं प्रत्यक्ष काम मोजून बघा: पॅटर्न आणि कोअर बॉक्सला पंधरा दिवस, मोल्डिंग आणि ओतकामाला दोन, फेटलिंगला एक, मशीनिंगला चार, मापं घेऊन रिपोर्ट करायला दोन. झाले चोवीस. हातात बेचाळीस होते. उरलेले अठरा दिवस, आणि वर झालेला उशीर, हे सगळं एका खात्याच्या दारातून दुसऱ्या खात्याच्या दारात थांबण्यात गेलं.

याच्या अगदी उलट टोकाला स्वतंत्र प्रोजेक्ट. माणसं, पैसा, यंत्रं सगळी एका कामापुरती वेगळी काढायची आणि एका प्रमुखाच्या हाती द्यायची. आपल्या घाटाखालून गेलेली कोकण रेल्वे हे त्याचं मोठं उदाहरण. १९९० साली त्यासाठी वेगळं महामंडळच काढलं. सुरुवातीच्या भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. भागीदार पाच, पण काम चालवणारे प्रमुख एकच, ई. श्रीधरन. मार्गाचे सात विभाग पाडले, प्रत्येक साधारण शंभर किलोमीटरचा, आणि प्रत्येकावर एक चीफ इंजिनियर. १९९८ च्या जानेवारीत पूर्ण मार्ग सुरू झाला. आपल्या शिवजयंतीचा चित्ररथ बघा की. वर्षभर मंडळात अध्यक्ष, खजिनदार, वर्गणीवाले सगळे असतात, पण मिरवणुकीच्या रात्री ट्रॅक्टर कधी हलवायचा हे शिट्टी हातात असलेला एकच माणूस ठरवतो.

पण ऐंशी माणसांच्या फाउंड्रीत एका सँपलसाठी फर्नेस बाजूला काढता येत नाही. शिवाय प्रोजेक्ट संपत आला की त्यातल्या माणसाला घोर लागतो, आता आपली खुर्ची कुठं? शेवटच्या महिन्यात कामाचा वेग पडतो तो बऱ्याचदा याच घोरामुळं.

म्हणून तिसरा मार्ग, मॅट्रिक्स. अमेरिकेतल्या विमान आणि अवकाश कंपन्यांत १९६० च्या दशकात तो रुळला. माणूस आपल्या खात्यातच राहतो, पण कामापुरता प्रोजेक्ट इन्चार्जलाही उत्तर देतो. म्हणजे साहेब दोन. फयोलचा नियम इथं जाणूनबुजून मोडलेला आहे, आणि तो मोडायचा तर दोन साहेबांमधली हद्द कागदावर आखावीच लागते. काय करायचं आणि कधीपर्यंत, हे इन्चार्ज सांगणार. कोण करणार आणि कसं करणार, हे खात्याचा साहेब सांगणार. मोल्ड कसा भरायचा यात इन्चार्जनं नाक खुपसू नये. आणि सँपल शनिवारवर ढकलायचं हे सुपरवायझरनं परस्पर ठरवू नये.

तो का ढकलतो, तेही समजून घेऊ. त्याचा हिशोब शिफ्टला किती टन निघाले यावर होतो. पॅटर्न बदलायला तासभर लाइन थांबली तर तेवढा टनेज त्याच्या नावावर कमी पडतो. अशा वेळी "सहकार्य करा" म्हणून उपयोग नसतो. सँपलचा एक तास त्याच्या टार्गेटमधून वजा करा, तो स्वतः बॉक्स लावून देईल. तसंच पगारवाढीचं. माणूस शेवटी पगारवाढ लिहिणाऱ्याचं ऐकतो. इन्चार्जचं मत त्या कागदावर येत नसेल तर तुमचं मॅट्रिक्स नुसतं भिंतीवरचं चित्र आहे.

आता प्रत्यक्ष काय करायचं. काम सुरू होण्याआधी मालकांच्या सहीचं एक पान काढा. त्यावर इन्चार्जचं नाव, तारीख, आणि चार आकडे. कोणाला न विचारता किती रुपये खर्च करता येतील. समजा पंचवीस हजार. कोणत्या खात्यातला कोण माणूस आठवड्यात किती दिवस मिळेल. फर्नेसची कोणती हीट, म्हणजे धातू वितळवायची खेप, आणि मशीनचे किती तास राखीव. आणि अडलं तर किती तासांत वर जायचं. चोवीस तास पुरे. त्यात दोन साहेबांचं जमलं नाही तर प्लँट हेडनं त्याच दिवशी निकाल द्यायचा. माणसाचा वेळ टक्क्यांत लिहू नका. तीन कामांत तेहतीस-तेहतीस टक्के वाटलेला माणूस एकाही कामाला पुरत नाही. "मंगळवार-बुधवार तुझे" असं लिहा.

दुसऱ्या पानावर निर्णयांचा तक्ता. प्रत्येक निर्णयाला एक ओळ: ड्रॉइंगमधला बदल, रायझरची (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्याची) जागा, सँपल पास-नापास, जादा खर्च. प्रत्येक ओळीत चार घरं. करणार कोण, जाब देणार कोण, आधी विचारायचं कोणाला, नंतर कळवायचं कोणाला. जाबाच्या घरात एकच नाव. तिथं दोन नावं आली की कोणीच जाब देत नाही, आणि भाऊबंदांच्या कारखान्यात ती दोन नावं हमखास दोन भावांची असतात. विचारायच्या घरातही गर्दी नको. पाच माणसांत बोलण्याच्या जोड्या दहा होतात, बारा माणसांत सहासष्ट. हा तक्ता फाइलीत ठेवू नका, बोर्डावर लावा, आणि मराठी-कन्नड दोन्हीत लावा. आपल्या शॉपफ्लोअरवर दोन्ही बोललं जातं, आणि मोल्डरला वाचता न येणारा तक्ता साहेबांपुरताच राहतो.

या सगळ्यावर पाणी पडतं ते बहुतेक मालकांच्याच हातानं. सकाळी राउंडला येतात, चालता चालता मोल्डरला म्हणतात, "ते सँपल राहू दे, आधी होनग्याच्या पार्टीची ऑर्डर काढ." हेतू चांगला असतो. पण मोल्डरनं ते ऐकलं की बोर्डावरचा तक्ता मेला. ऑर्डर बदलायचीच असेल तर मालकांनी ती इन्चार्जला सांगावी, आणि मोल्डरला ती त्याच्या सुपरवायझरकडून कळावी. मध्ये दहा मिनिटं जातील, तेवढंच.

राहिला शेवट, ज्याकडं फारसं कोणी बघत नाही. सँपल पास झालं म्हणजे इन्चार्ज मोकळा झाला असं नव्हे. पुढच्या तीन लॉटचं रिजेक्शन त्याच्याच नावावर ठेवा, नाहीतर एरवी लपून जाणारा ब्लोहोल, म्हणजे धातूत वायू अडकून राहिलेलं भोक, थेट प्रॉडक्शनच्या गळ्यात पडतो. तीन लॉट नीट गेले की पॅटर्नवर नंबर ठोकून तो पॅटर्न स्टोअरला जमा, रायझर आणि गेटिंगचं, म्हणजे धातू आत जायच्या वाटांचं, शेवटचं ड्रॉइंग मोल्डिंगच्या ताब्यात, आणि मालकांच्या सहीच्या त्या पहिल्या पानावर तारीख टाकून दुसरी सही: काम बंद, अधिकार परत. नमस्कार.