शंभर रुपये रोज

(पार्ल्यात ग्राहक-जागृतीसाठी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय फारच भारदस्त छापलाय: 'वित्तीय कंपन्यांकडील माहितीची गळती आणि ग्राहकाचे कायदेशीर मार्ग'. मार्ग सांगणार आहेच, त्यासाठीच तर आपण संध्याकाळच्या मालिका बुडवून आलात. पण त्याआधी माझं एक जुनं तुणतुणं आहे. ते वाजवल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकत नाही. संयोजकांना हे ठाऊक असल्यामुळे त्यांनी घड्याळ बरोब्बर माझ्या नाकासमोर लावलंय.

तर तुणतुणं असं. एटीएममधून पैसे आले नाहीत पण खात्यातून वजा झाले, असं इथे प्रत्येकाचं एकदा तरी झालं असेल. रिझर्व्ह बँकेचं २०१९ चं परिपत्रक सांगतं की व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते परत जमा करायचे. नाही केले, तर त्यापुढे रोज शंभर रुपये. ग्राहकाने मागायचीही गरज नाही, बँकेने आपणहून द्यायचे. २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तसाच नियम क्रेडिट रिपोर्टला, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीलाही लावला. रिपोर्टमधली चूक तुम्ही कळवलीत आणि तीस दिवसांत तक्रार मिटली नाही, तर पुढे रोज शंभर रुपये. दोन्हीकडे कोणी विचारत नाही की आजी, तुमचं नक्की किती रुपयांचं नुकसान झालं, ते सिद्ध करा. उशीर झाला, मीटर सुरू.

मग माझं म्हणणं एवढंच. माझा पॅन, जन्मतारीख, पगार, घरचा पत्ता, कर्जाचा हप्ता हे सगळं कंपनीच्या हातून बाहेर गेलं, तर तिथे मीटर का नाही? तिथे मात्र मी आधी सिद्ध करायचं की त्या माहितीमुळे माझं अमुक इतकं नुकसान झालं. आता ती माहिती कोणाच्या हातात आहे आणि तो तिचं दोन वर्षांनी काय करणार आहे, हे मी कसं सिद्ध करू?

आपला २०२३ चा नवा कायदा, डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा, त्यात दंडाचे आकडे डोळे दिपवणारे आहेत. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटींपर्यंत. गळती झाल्याचं त्या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाला आणि ग्राहकाला कळवलं नाही तर २०० कोटींपर्यंत. टाळ्या वाजवू नका, पुढे ऐका. हा दंड जमा होतो भारताच्या संचित निधीत. ज्याची माहिती गेली त्याला त्यातला एक रुपया नाही. चोरी माझ्या घरात आणि भरपाई महापालिकेला! आणि खोटी किंवा फुटकळ तक्रार केलीत, तर तुम्हाला दहा हजारांपर्यंत दंड. म्हणजे त्या कायद्यात तुमच्या-माझ्या नावापुढे एकच रक्कम आहे, आणि ती देण्याची आहे.

माझा भाचा न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, मावशी, आमच्याकडे असं नाही. म्हटलं, बाबा, तुमच्याकडचं मला माहीत आहे. क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या इक्विफॅक्स कंपनीची २०१७ ची गळती, सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची. कारण काय, तर सॉफ्टवेअरची दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध झाली होती आणि कंपनीने ती बसवली नव्हती. २०१९ मध्ये तडजोड झाली, ज्यांना नुकसान दाखवता येत नाही त्यांनाही १२५ डॉलर मिळतील असं जाहीर झालं. पण त्यासाठी बाजूला काढलेली रक्कम होती ३ कोटी १० लाख डॉलर. अर्जांचा पाऊस पडला आणि वाटणीला आले चिल्लर डॉलर. म्हणून मी ठरावीक रकमेचा हंडा मागत नाही. मला मीटर हवं, तेही कंपनीने कळवायला केलेल्या उशिराच्या प्रत्येक दिवसाचं. मग बघा रात्री दोन वाजता उठून कळवतात की नाही.

हा माझा राग पुस्तकी नाही. सासूबाई असताना आम्ही एक फ्रिज हप्त्यावर घेतला होता. दुकानातच टेबल टाकून बसलेल्या एका वित्त कंपनीने कर्ज दिलं. कंपनीचं नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. कर्ज फिटलं, दाखला आला, मी तो कपाटात ठेवला. मी बँकेत नोकरी केलेली बाई, कागद टाकत नाही. अनेक वर्षांनी एका रात्री ईमेल आला: 'आपल्या माहितीची गोपनीयता ही आमची सर्वोच्च बांधिलकी आहे.' कंपनी बांधिलकीने सुरुवात करायला लागली की समजावं, काहीतरी गेलं. खाली बारीक अक्षरांत होतंच: 'मर्यादित स्वरूपाचा अनधिकृत प्रवेश', 'आर्थिक नुकसान झाल्याचे आढळलेले नाही'. काय गेलं, कधी गेलं, यावर अवाक्षर नाही. आणि आठवड्याभरात फोन सुरू. "मॅडम, आपला फ्रिज कसा चाललाय? नवीन लोन देऊ का?" फ्रिजची किंमत त्याला पाठ, हप्त्याची तारीख पाठ. माझ्या नवऱ्यालाही ती आठवत नव्हती.

मी त्यांच्या अंधेरीच्या ऑफिसात गेले. काचेची इमारत. खाली सुरक्षारक्षकाने माझा फोन नंबर आणि फोटो घेतला, म्हणजे आणखी थोडी माहिती मी देऊन वर गेले. वर एक फार सभ्य मुलगा होता, साताऱ्याकडचा. म्हणाला, "मॅडम, तक्रार घेतो ना. आधार आणि पॅनची झेरॉक्स द्या." म्हटलं, अरे, तेच तर गेलंय तुमच्याकडून! तो म्हणाला, "त्याशिवाय सिस्टिम पुढे जात नाही मॅडम." बरं, म्हटलं, हे पत्र घे आणि पोच दे. म्हणे, पोच ईमेलवर येईल. मी खुर्चीवरून उठले नाही. त्याने चहा आणला. मी चहा घेतला, तरी उठले नाही. शेवटी शोधाशोध करून त्यांनी शिक्का मारला, तो कुरिअर विभागाचा! मला चालतो. तारीख होती, सही होती. नंतर उत्तर आलं की 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे'. समाधान कोणाचं झालं, ते लिहिलं नव्हतं. पण त्या एका ओळीमुळे माझा पुढचा दरवाजा उघडला, कारण कंपनीने हात झटकल्याचा लेखी पुरावा माझ्याकडे आला...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे मार्ग आता धावतच बघू.

पैसे गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन आणि त्याच दिवशी बँकेला लेखी. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लक्षात ठेवा: चूक तुमचीही नाही, बँकेचीही नाही, तिसरीकडून माहिती फुटली, आणि बँकेकडून कळल्यावर कामाच्या तीन दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत काही भार तुमच्यावर. चूक ग्राहकाची होती हे बँकेने सिद्ध करायचं. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. आसामच्या एका ग्राहकाचे, त्याने जिथून खरेदी केली त्या दुकानाची वेबसाइट हॅक झाल्यावर, ९४ हजार गेले. त्याने २४ तासांत कळवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्टेट बँकेचं अपील फेटाळलं. मुंबईतल्याच एका औषध कंपनीला ७६ लाखांवर रक्कम परत द्यायला मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये बँक ऑफ बडोदाला सांगितलं, आणि तिथे लोकपालाने, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याने, आधी तक्रार फेटाळली होती. म्हणजे लोकपाल 'नाही' म्हणाला की संपलं, असं नाही.

पैसे गेले नाहीत, फक्त माहिती गेली? कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र, आणि पोच. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा माझ्यासारखं उत्तर आलं, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. फी नाही, वकील नको. २०२१ च्या योजनेत भरपाई २० लाखांपर्यंत ठरवली होती, शिवाय वेळ, खर्च आणि मनस्तापासाठी एक लाखापर्यंत. विमा कंपनी असेल तर विमा लोकपाल, शेअर दलाल किंवा म्युच्युअल फंड असेल तर सेबीचं स्कोअर्स हे तक्रारीचं पोर्टल.

तिसरा दरवाजा फार लोकांना माहीत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-ए. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे, आपल्याकडे मंत्रालयात. २०१३ मध्ये पुण्याच्या एका कंपनीला ४५ लाख द्यायला त्यांनी एका राष्ट्रीयीकृत बँकेला सांगितलं होतं. इथे हयगय आणि नुकसान दोन्ही दाखवावं लागतं. पण घाई करा, कारण नवा कायदा हे कलमच काढून टाकतो. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी अठरा महिने दिलेत, म्हणजे मे २०२७.

ग्राहक कायदा राहतोच. २०१९ च्या कायद्यात, विश्वासाने दिलेली माहिती दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. कंपनी म्हणेल, आम्ही दिली नाही, चोरीला गेली. म्हणून अर्जात सेवेतली त्रुटीही लिहा, दोन्ही पाय रोवून उभे राहा. प्रोसेसिंग फीची पावती जोडा, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असं म्हणायला जागा उरत नाही. सेवेसाठी तुम्ही मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. जिथे राहता तिथल्या ग्राहक आयोगात दाखल करता येतं, उपनगरवाल्यांना वांद्रे.

आणि क्रेडिट रिपोर्ट! तो बनवणाऱ्या चारही कंपन्या वर्षातून एकदा फुकट देतात. त्यात तुम्ही न घेतलेलं कर्ज दिसलं तर लगेच हरकत घ्या, तीस दिवस मोजा. पुढे माझे शंभर रुपये सुरू.

शेवटचं. एकाच गळतीत सापडलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करू शकतात. त्या फ्रिजवाल्या कंपनीसारखा ईमेल इथे कोणाकोणाला आलाय? हात वर करा. बापरे. दाराशी वही ठेवली आहे, जाताना नाव लिहा. नको, फोन नंबर नको लिहू काका, जन्मतारीख तर मुळीच नको! नाव आणि सोसायटी पुरे, मी शोधते.