बीप वाजला नाही की

(रात्रीचा वॉर्ड. ट्रॉलीची चाकं.)

आधी ट्रॉलीचा आवाज येतो, मग सिस्टर दिसते. एका हातात स्कॅनर, ट्रॉलीवर कॉम्प्युटर, खणांत प्रत्येक पेशंटची वेगवेगळी औषधं. आता नीट बघा. आधी पेशंटच्या मनगटावरची ओळखीची, बारकोडवाली पट्टी, बीप. मग औषधाच्या पाकिटावरचा बारकोड, बीप. सगळं जुळलं तरच गोळी द्यायची आणि स्क्रीनवर इशारा आला तर थांबायचं. पेशंट तोच का, औषध तेच का, डोस, वेळ, आणि तोंडाने द्यायचं की शिरेतून, या पाच गोष्टी प्रत्येक नर्सकडून शिकतानाच घोटून घेतलेल्या असतात, त्याच आता मशीन पडताळतंय. एवढंच आहे हे. पण एवढ्यासाठी अख्खं हॉस्पिटल हलवावं लागतं.

(हातातला स्कॅनर, अगदी जवळून.)

हा स्कॅनर वॉर्डात आला कसा ते सांगायलाच हवं, कारण ही कल्पना कुठल्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मीटिंगमध्ये निघालेली नाही. अमेरिकेत कॅन्सस राज्यात टोपेका इथे माजी सैनिकांचं सरकारी हॉस्पिटल आहे, तिथे सू किनिक नावाच्या नर्स होत्या. १९९२ ची गोष्ट. त्या भाड्याने घेतलेली गाडी परत करत होत्या, तिथल्या माणसाने हातातलं छोटं मशीन गाडीवरच्या कोडला लावलं आणि काम झालं. त्यांच्या मनात आलं, गाडीची एवढी पक्की नोंद ठेवता येते तर पेशंटच्या औषधाची का नाही. आणि हा विचार मनात ठेवून त्या गप्प बसल्या नाहीत, हॉस्पिटलमध्ये येऊन बोलल्या, आणि तिथल्या लोकांनी ऐकलं. मला यातलं हे ऐकणं सगळ्यात मोठं वाटतं. टोपेकाच्या वॉर्डांत ते आधी वापरून बघितलं, आणि १९९९ पासून माजी सैनिकांच्या देशभरातल्या हॉस्पिटलांत ते पोहोचवायला सुरुवात झाली.

(फार्मसी. सुट्या गोळ्यांची पाकिटं, लेबल छापणारं मशीन.)

आता फार्मसीत या. गोळ्यांची मोठी बाटली वॉर्डात पाठवून चालत नाही, एकेक डोस वेगळा पॅक हवा आणि प्रत्येकावर वाचता येईल असा कोड हवा. कोड नसेल तर फार्मसीतल्या माणसाने छापून चिकटवायचा, तेही रोज, शेकड्यांनी. हॉस्पिटलमधल्या औषधांवर कंपन्यांनीच बारकोड छापावा हा नियम अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये काढला, तोवर बराचसा भार फार्मसीवरच होता. म्हणजे बघा, बदल सिस्टरच्या हातात दिसतो पण तो तळघरातल्या या टेबलापासून सुरू होतो, आणि स्कॅनर आणण्याच्या प्रोजेक्टच्या मीटिंगला या टेबलावरच्या माणसाला बोलावलंच नसेल तर वॉर्डातला स्कॅनर पहिल्याच रात्री मुका होतो.

(मीटिंग रूम. भिंतभर चिकटवलेले कागद.)

हे गो-लाइव्हचं, म्हणजे सिस्टम वॉर्डात प्रत्यक्ष सुरू करण्याचं प्लॅनिंग. ट्रेनिंगच्या तारखा, कुठल्या वॉर्डात कधी सुरू करायचं, सिस्टम बंद पडली तर कागदावर काम कसं चालवायचं, सगळं या भिंतीवर आहे. हे लागतंच, त्याला मी नावं ठेवत नाही. पण लॉस एंजेलिसचं सीडर्स-सायनाय हॉस्पिटल आठवा. तिथे २००२ मध्ये डॉक्टरांनी औषधांच्या ऑर्डर कॉम्प्युटरवरच द्यायच्या अशी सिस्टम आणली, भरपूर पैसा घातला, आणि काही महिन्यांत, २००३ च्या जानेवारीत, ती थांबवावी लागली. शेकडो डॉक्टर विरोधात उभे राहिले होते, पूर्वी जे पटकन लिहून व्हायचं त्याला आता किती वेळ जातो ही त्यांची मोठी तक्रार होती. अशा वेळी 'लोक बदलायला तयार नसतात' असं म्हणून मोकळं होणं फार सोपं असतं. मला ते पटत नाही. दिवसभर पेशंट बघणाऱ्या माणसाच्या हातातून तुम्ही वेळ काढून घेताय, तर तो बोलणारच.

(मनगटावरची पट्टी. भिजलेली, शाई पसरलेली.)

इथे जरा थांबा. ही पट्टी बघा. पेशंटची आंघोळ झाली, पट्टी भिजली, कोड पुसट झाला. लहान मुलं तर ती चावतातही. सिस्टर एकदा स्कॅन करते, दोनदा, तीनदा, बीप वाजत नाही. पुढचे सगळे पेशंट थांबलेत. मग ती काय करते, तर पट्टीची एक जादा प्रत छापून ट्रॉलीला चिकटवते आणि ती स्कॅन करते. बीप वाजतो, स्क्रीनवर सगळं ठीक दिसतं, पण मशीनने पेशंटला पाहिलेलंच नाही.

संशोधक रॉस कॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये पाच हॉस्पिटलांचा अभ्यास छापला, त्यात अशा १५ प्रकारच्या पळवाटा सापडल्या आणि त्यांची ३१ कारणं. पट्टीचा कोड दाराच्या चौकटीला लावलेला, खिशात ठेवलेला. आणि कारणं वाचली की कळतं की यात आळस कुठेच नाही, चुरगळलेलं लेबल, कोडच नसलेलं औषध, संपलेली बॅटरी, मध्येच जाणारं वायफाय. प्रत्येक पळवाट म्हणजे प्रोजेक्ट नेमकं कुठे अडलंय त्याचा पत्ता आहे, सिस्टरने फुकट लिहून दिलेला, आणि तो पत्ता मिळाल्यावर आपण तिला मेमो देतो!

(वॉर्ड. ट्रॉलीमागे दोघी.)

या दुसऱ्या बाई प्रोजेक्टच्या प्रमुख आहेत. रात्रीच्या राउंडला सिस्टरच्या मागे मागे चालतायत, हातात वही. बोलत नाहीत, फक्त लिहितायत. कोपऱ्यातल्या बेडपाशी नेटवर्क जातं, लिहिलं. स्कॅनरची वायर त्या बेडपर्यंत पोहोचत नाही, लिहिलं. झोपलेल्या पेशंटचा पट्टीचा हात अंगाखाली आहे, स्कॅन करायचं तर त्याला उठवावं लागेल. आता सिस्टर थांबलीये, बघा. हा शॉट आम्ही कापला नाही.

बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलचा अभ्यास २०१० मध्ये आला, स्कॅनर असलेल्या वॉर्डांत औषध देतानाच्या चुका, वेळेच्या चुका सोडून, ४१ टक्क्यांनी कमी दिसल्या.

(सकाळ. नर्सिंग स्टेशन. हँडओव्हर.)

ड्यूटी बदलतेय. रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला एकेक पेशंट सांगतेय, आणि वहीवाल्या बाई तिथेच बाजूला उभ्या आहेत, घरी गेलेल्या नाहीत. आयटीचा मुलगा वर आलाय. त्याला त्यांनी वही दाखवलेली नाही, थेट कोपऱ्यातल्या बेडपाशी नेलंय आणि स्कॅनर त्याच्या हातात दिलाय. तो पट्टीला लावतोय.

एकदा. दोनदा.

(आवाज तसाच ठेवायचा.)