गाडीचं अ‍ॅव्हरेज अचानक पडलंय? पार्ट बदलण्याआधी हे तपासा

नमस्कार मंडळी. लिटरला 16 देणारी पेट्रोल गाडी महिन्याभरात 11 वर आली, की हल्ली पहिला संशय ई20 पेट्रोलवर, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जातो. त्याचा हिशोब आधी करून टाकू. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे अ‍ॅव्हरेज थोडं घटणारच. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ही घट 6 ते 7 टक्के धरली आहे. म्हणजे 16 चे 15 होतील. 11 होणार नाहीत. एवढी मोठी घट आली असेल, तर गाडीत काहीतरी बिघडलंय आणि ते शोधता येतं.

पण खरंच 11 देतेय का? डॅशबोर्डवरचा आकडा हा अंदाज असतो, त्यावर गॅरेज गाठू नका. टाकी ऑटो-कटपर्यंत, म्हणजे पंपाचा नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि त्याच पंपावर, शक्यतो त्याच नोझलने पुन्हा ऑटो-कटपर्यंत भरा. किलोमीटर भागिले लिटर. पंपाच्या मापाबद्दल शंका असेल, तर 5 लिटरचं प्रमाणित माप लावून दाखवायला सांगा. तो ग्राहकाचा हक्क आहे, संकोच करू नका. आणि मधल्या काळात वेगळ्या साइजचे टायर टाकले असतील तर तेही लक्षात घ्या. टायरचा घेर वाढला की मीटर किलोमीटर कमी मोजतो, आणि अ‍ॅव्हरेज कागदावरच पडतं.

(चाकाजवळ बसून)

आकडा खरा निघाला, तर बॉनेट उघडण्याआधी चाकांकडे या. हवा तपासा, टायर थंड असताना. किती हवी, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. यानंतरची तपासणी फार कमी लोक करतात, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रेक अडकतोय का?

पावसाळाभर चिखलपाण्यातून फिरलेल्या गाडीत कॅलिपरच्या, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना गंजून जाम होतात. पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतो. इंजिनाला सतत जोर लावावा लागतो, आणि आत बसून काही कळत नाही. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर कमीत कमी ब्रेक वापरून चालवा, थांबा, आणि रिमजवळ हात न्या. हात लावू नका, भाजेल. डावं-उजवं चाक ताडून बघा. एक बरंच जास्त तापलं असेल तर चोर तिथे आहे. मागचं चाक असेल, तर हँडब्रेकची केबल पूर्ण सुटतेय का तेही बघा.

मेकॅनिककडे गेलात की त्याला एक करायला सांगा. जॅकवर चाक जड फिरत असताना कॅलिपरची ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू, थोडी सैल करायची. चाक लगेच मोकळं झालं, तर ऑइलचा दाब मागे अडकतोय, बहुतेक वेळा ब्रेकचा रबरी होस आतून फुगलेला असतो. मोकळं झालं नाही, तर पिना किंवा पिस्टन जाम आहे. या दोन मिनिटांत अख्खा कॅलिपर विनाकारण बदलणं टळतं. पिना साफ करून सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लावायचं. साध्या ग्रीसने रबर फुगतं आणि पिना पुन्हा अडकतात.

(इंजिनाजवळ)

चाकं मोकळी आहेत? मग थर्मोस्टॅट. हा इंजिनातलं पाणी गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो उघडाच अडकला, तर इंजिन पुरेसं तापत नाही, आणि थंड इंजिनाला कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. ओळखायचं कसं? ज्या गाड्यांत थंड इंजिनाचा निळा दिवा असतो, तो नेहमीपेक्षा उशिरा विझतो. वीस मिनिटं चालवूनही हीटरची हवा कोमटच येते. घाट उतरताना तापमानाचा काटा खाली येतो.

आपल्याकडे गाडी गरम होते म्हटलं, की थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा, अशी जुनी पद्धत अजून काही गॅरेजमध्ये आहे. मला हे अजिबात पटत नाही. गरम होण्याचं मूळ कारण तसंच राहतं आणि पेट्रोलचा खर्च मालकाच्या डोक्यावर बसतो. कूलिंगचं काम झाल्यानंतर अ‍ॅव्हरेज पडलं असेल, तर स्पष्ट विचारा: थर्मोस्टॅट परत बसवलाय का?

इथून पुढे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे वाचणारा स्कॅनर लागतो. डॅशबोर्डवरचा चेक लाइट लागला नसला तरी स्कॅनर लावा. पी0128 कोड म्हणजे इंजिन तापत नाहीये. कोड नसेल, तर इंजिनातल्या पाण्याचं तापमान बघा. चांगल्या तापलेल्या इंजिनाला ते साधारण 85 ते 95 अंशांवर टिकायला हवं. गरम इंजिनात सेन्सर 40 अंश सांगत असेल, तर सेन्सरच खोटं बोलतोय. मग फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा. शून्याच्या आसपास असेल तर ठीक. उणे 10 च्या पलीकडे असेल, तर पेट्रोल कुठूनतरी जास्त येतंय: गळका इंजेक्टर, उघडा राहिलेला पर्ज वॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा), किंवा ऑक्सिजन सेन्सर. इंजिन धक्के मारत असेल तर प्लग आणि कॉइल. पेट्रोलचा वास येत असेल तर बाकी सगळं सोडा, गाडी बंद करा आणि आधी गळती शोधा.

एअर फिल्टर? घाण असेल तर बदला, पण त्यावर आशा ठेवू नका. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने 2009 मध्ये चाचण्या घेतल्या. आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरने पिकअप कमी झाला, अ‍ॅव्हरेजवर मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. कारण हवा कमी आली, की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी सोडतो.

एका वेळी एकच दुरुस्ती करा, आणि तिच्यानंतर पुन्हा टाकी ते टाकी मोजा, एसीचा वापर आणि रस्ता शक्यतो तोच ठेवून. 15 च्या आसपास आली तर तिथेच थांबा, पुढचे पार्ट विकत घेऊ नका.