कॉकपिटच्या सीटला निचरा

(दृश्य: मुंबई बंदर, मे महिना. मुरिंगला (पाण्यातल्या कायमच्या नांगराच्या बोयाला) बांधलेली फायबरची शीडबोट. कॉकपिटमधल्या, म्हणजे बोटीवरच्या उघड्या बसायच्या जागेतल्या, सीटवर मगभर पाणी ओतलं जातंय.)

पाणी कुठे जाऊन थांबतं ते बघा. सीटचा मागचा, बाहेरच्या अंगाचा कोपरा. बोट बांधताना सीटला ढाळ दिलेला होता. नंतर मागे आउटबोर्ड इंजिन लागलं, लॉकरमध्ये जादा नांगर आणि साखळी गेली, बोट मागे बसली आणि ढाळ उलटा झाला. म्हणून सखल जागेची खूण बोट पाण्यात असताना, नेहमीचं सामान आत ठेवूनच करायची. किनाऱ्यावर स्टँडवर चढवलेल्या बोटीत पाणसळ वेगळीच जागा दाखवते.

(दृश्य: लॉकरच्या आत टॉर्चचा उजेड.)

आता खालून बघू. वायरी, पेट्रोलची नळी, आधाराची पट्टी, खुणेखाली यातलं काही नाही ना? खात्रीसाठी आधी फक्त ३ मिलिमीटरचं भोक आरपार.

पाणी न्यायचं ते पाय ठेवण्याच्या खोलगट भागात. तिथून बाहेर जायला त्याला स्वतःची वाट आहेच, त्यामुळे बोटीच्या कवचाला नवं भोक पाडायची गरज नाही. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत, तर हे पाणी अजिबात सोडायचं नाही.

पाइपाला किती उतार हवा? बोट सरळ उभी असताना थोडासाही पुरतो. पण शिडावर चालताना ती कलते, आणि कललेल्या बाजूच्या सीटचा बाहेरचा कोपराच सगळ्यात खाली जातो. इथे कोपऱ्यापासून खोलगट भागाच्या भिंतीपर्यंत आडवं अंतर ५० सेंटिमीटर आहे. २० अंश कलल्यावर भिंतीकडचं टोक कोपऱ्याच्या मानाने सुमारे १७ सेंटिमीटर वर येतं. म्हणून पाइपाचं खालचं तोंड सीटच्या भोकापेक्षा निदान २० सेंटिमीटर खाली, पण तळापासून ५ सेंटिमीटर वर.

(दृश्य: सीटवर मास्किंग टेपची फुली. होल सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत.)

या सीटच्या वर-खाली फायबरचे पातळ थर आहेत आणि मधे बाल्सा लाकडाचा गाभा. फिटिंगची (भोकात बसणारा, खाली पाइप जोडायचा भाग) चकती ५० मिलिमीटरची, म्हणून ५२ चा होल सॉ. सुरुवात उलट फिरवून, म्हणजे वरच्या जेलकोटचे (फायबरवरच्या गुळगुळीत लेपाचे) टवके उडत नाहीत. मग सुलट. वरचा थर आणि गाभा कापायचा, खालचा थर शाबूत ठेवायचा.

निघालेलं लाकूड हातात घेऊन बघा. हे पांढरं, कोरडं आहे. तपकिरी आणि ओलं निघालं असतं, तर काम इथेच थांबवून आधी गाभा वाळवावा लागला असता, कुजका भाग काढावा लागला असता.

आता ड्रिलला वाकवलेला खिळा लावून दोन थरांमधलं लाकूड चहूबाजूंनी १० मिलिमीटर आतपर्यंत खरवडलं जातंय. खालच्या बारीक भोकाला टेप. पोकळीत आधी पातळ इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारी राळ) ब्रशने, लाकूड पिईल तेवढं. मग सिलिकाची भुकटी घालून घट्ट केलेलं इपॉक्सी, चमच्यावरून न ओघळण्याइतकं दाट. एकदम भरलं तर ते तापून उकळतं, म्हणून दोन वेळा. मेच्या उकाड्यात सावकाश घट्ट होणारा हार्डनरच घ्या, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की हाताशी असलेला वेळ साधारण निम्मा होतो. मिश्रण थोडं करा आणि पसरट भांड्यात ठेवा.

भरणी सीटच्या पृष्ठभागापासून ४ मिलिमीटर खालीच थांबवली आहे. अख्ख्या कामात सगळ्यात मोलाचे हेच ४ मिलिमीटर. चकतीची जाडी ३ मिलिमीटर. ती नुसती सीटवर बसवली, तर भोकाभोवती तेवढंच पाणी कायम अडून राहतं. असे निचरे कितीतरी बोटींवर दिसतात.

(दृश्य: दुसरा दिवस.)

दमट हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो. आधी पाण्याने घासून धुवा, मगच पॉलिश पेपर. फुलीवरून मध्य काढून २७ मिलिमीटरचं भोक आरपार, आता पूर्ण भरीव इपॉक्सीतून. गाभ्याला पाणी लागायला वाटच उरली नाही. हे न करता बसवलेला निचरा सीट आतून कुजवतो.

भोकाची वरची कड कानशीने तिरपी केली आहे, तिथे सीलंटचं, म्हणजे फटीतून पाणी न जाऊ देणाऱ्या चिकट लेपाचं, कडं बसेल. सीलंट पॉलियुरेथेन, पण कायमचं चिकटवणाऱ्या प्रकारातलं नको, फिटिंग कधीतरी काढावं लागतं. सिलिकॉनही नको, त्यावर पुढे रंग धरत नाही. वरून एकाने चकती स्थिर धरायची आणि दुसऱ्याने खालून फक्त नट फिरवायचा. आधी हाताने, सीलंट चहूकडून डोकावेपर्यंत. सगळं पिळून काढू नका. सीलंट आळल्यावर नट आणखी पाव फेरा.

पाइप १९ मिलिमीटरचा, जाळी घातलेला, मधे कुठे झोळ नाही. दोन्ही टोकांना ३१६ ग्रेड स्टीलच्या क्लिपा.

(दृश्य: नळीने पाणी. लॉकरमध्ये फिटिंगभोवती टिश्यू पेपर.)

पाच मिनिटं पाणी सोडलं आहे. कागद कोरडा. मुंबईचा पावसाळा २,००० मिलिमीटरच्या वर जातो, आणि ताडपत्रीखालच्या बोटीतही पाणी शिरतंच. मुख्य धोका आता पानांचा आणि कावळ्यांच्या काड्यांचा. महिन्यातून एकदा बादलीभर गोडं पाणी ओता. ते अडखळत गेलं, तर खालची क्लिप सोडून पाइप साफ करा. वरून तार खुपसू नका, सीलंट फाटतं.