हीटिंगचं प्रेशर सारखं का उतरतं? आधी व्हेसल बघा

नमस्कार मंडळी. सेंट्रल हीटिंगचा, म्हणजे बॉयलरमध्ये तापलेलं पाणी पाइपांतून खोल्यांतल्या रेडिएटरमध्ये फिरवून घर उबदार ठेवायच्या सोयीचा, कुठलाही व्हिडिओ टाकला की खाली हाच प्रश्न येतो: "प्रेशर भरलं, दोन दिवसांत पुन्हा शून्यावर. काय करू?" आणि त्याखाली हमखास उत्तर असतं, "परत भरा." हे उत्तर मला अजिबात पटत नाही. का ते सांगते.

सीलबंद सिस्टीमला काय लागतं ते पटकन. वर माळ्यावर टाकी नसते, म्हणून तापून फुगणारं पाणी सामावायला एक्स्पान्शन व्हेसल. ३ बारला (बार हे प्रेशर मोजायचं एकक) उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह. भरताना समोर दिसेल असा प्रेशर गेज. मेनच्या नळातून सिस्टीममध्ये पाणी भरायची जोडनळी, म्हणजे फिलिंग लूप, आणि तिच्यात पाणी उलटं जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह. रेडिएटरना एअर व्हेंट, आणि सगळ्यात खालच्या जागी ड्रेन कॉक. बऱ्याच बॉयलरमध्ये व्हेसल, पंप आणि सेफ्टी व्हॉल्व्ह आतच बसवलेले असतात.

सिस्टीम भरून झाल्यावर फिलिंग लूप सोडवून वेगळा ठेवायचा. नुसता कॉक बंद करून चालत नाही. कॉक पाझरला तर मेनचं पाणी आत शिरत राहतं आणि गेज आपोआप चढतो. शिवाय आतल्या पाण्यात गाळ आणि गंजरोधक औषध असतं, त्याचा पिण्याच्या लाइनीशी कायमचा संबंध नको.

सेफ्टी व्हॉल्व्हचा पाइप तांब्याचा, व्हॉल्व्हच्या तोंडापेक्षा बारीक नाही, सलग उताराचा आणि बाहेर अशा जागी सोडलेला हवा, की उकळतं पाणी कुणाच्या अंगावर येणार नाही, पण थेंब पडला तर दिसेल. बॉयलर आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्ये कुठलाही कॉक नाही. आणि "पाइप ठिबकतो, टोपी लावू का?" असं विचारणाऱ्यांना हात जोडून विनंती: लावू नका. वाढलेलं प्रेशर बाहेर पडायची ती शेवटची वाट आहे.

आता व्हेसल. लाल किंवा राखाडी डबा, आत रबराचा डायफ्राम. एका बाजूला सिस्टीमचं पाणी, दुसऱ्या बाजूला हवा किंवा नायट्रोजन. तो रिटर्न लाइनवर (रेडिएटरकडून बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपावर), पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला जोडायचा. व्हेसलच्या वाटेत सहज फिरवता येईल असा कॉक ठेवायचा नाही. तो चुकून बंद झाला तर व्हेसल असून नसल्यासारखा.

वायूच्या बाजूचं प्रेशर किती? व्हेसलपासून सगळ्यात वरच्या रेडिएटरपर्यंत दर १० मीटर उंचीला साधारण १ बार, वर ०.३ बार जास्त. घरगुती कामात बहुतेक वेळा १ बारच्या आसपास येतं. बॉयलरच्या पुस्तिकेत आकडा दिला असेल तर तोच धरायचा. थंड सिस्टीम त्याच्यापेक्षा थोडी वर भरायची, समजा १.३ बार.

इथेच सगळे चुकतात. वायूचं प्रेशर मोजताना पाण्याची बाजू शून्यावर आणि ड्रेन कॉक उघडा असलाच पाहिजे. डायफ्राम मऊ असतो, दोन्ही बाजूंचं प्रेशर सारखं होतं. पाणी १.३ बारवर असताना मोजलंत, तर व्हेसलमधला जवळजवळ सगळा वायू निघून गेला असला तरी गेज १.३च दाखवणार. तुम्ही म्हणणार, "व्हेसल ठणठणीत आहे."

हवा भरतानाही तेच. पाणी कोंडलेलं असताना पंप मारलात, तर काटा चढतो आणि वाटतं काम झालं. प्रत्यक्षात तुम्ही व्हेसलमधलं पाणी पाइपांत ढकललंत आणि आख्खी सिस्टीम दाबलीत.

आकड्यांत बघा. सिस्टीममध्ये १०० लिटर पाणी आहे. १० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापलं की ते सुमारे २.९ लिटर फुगतं. ८ लिटरचा व्हेसल, वायू १ बारवर, थंड पाणी १.३ बारवर: प्रेशर २.७ बार, म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्हच्या ३ बारच्या थोडं खाली, होईपर्यंत तो जेमतेम २.६ लिटर घेतो. म्हणजे चांगला असूनही अपुरा, इथे १२ लिटरचा हवा. आणि त्याच ८ लिटरच्या व्हेसलमधलं वायूचं प्रेशर शून्यावर आलं असेल तर? फक्त १.३ लिटर. उरलेलं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर जातं आणि रात्री थंड झाल्यावर काटा खाली पडतो. हेच तुमचं "दोन दिवसांत शून्य". परत भरलंत की ताज्या पाण्याबरोबर ताजा ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ साचतो.

तपासायची रीत अशी. बॉयलर बंद करा, थंड होऊ द्या. ड्रेन कॉक उघडून गेज शून्यावर आणा आणि कॉक उघडाच ठेवा. व्हेसलच्या व्हॉल्व्हची टोपी काढा, तो गाडीच्या टायरसारखाच असतो. टायरचा गेज पीएसआयमध्ये असेल तर १ बार म्हणजे १४.५ पीएसआय.

[कॅमेरा जवळ] ही मधली पिन क्षणभर दाबा. फुस्स करून हवा आली तर ठीक. पाणी उडालं तर डायफ्राम फाटला, हवा भरत बसू नका, व्हेसल बदला. ठीक असेल तर पायपंपाने भरत राहा. ड्रेनमधून पाणी येत राहील, ते व्हेसलमध्ये अडकलेलं पाणी आहे. पाणी थांबलं आणि वायूच्या प्रेशरचा ठरलेला आकडा टिकला की मग ड्रेन बंद, सिस्टीम १.३ बारला भरा, रेडिएटरची हवा काढा, काटा उतरला तर पुन्हा १.३ वर आणा. बरंच पाणी काढलं असेल तर गंजरोधक पुन्हा घाला.

सेफ्टी व्हॉल्व्ह बरेचदा उघडला असेल तर त्याच्या बैठकीत कचरा अडकतो आणि तो ठिबकतच राहतो. तोही बदलून घ्या. गॅसच्या बॉयलरचं कव्हर काढायचं काम मात्र परवानाधारकाचं.

एवढं करूनही काटा उतरतोय? बॉयलर बंद आणि थंड असताना त्याच्या खालचे फ्लो (रेडिएटरकडे जाणारा पाइप) आणि रिटर्नचे कॉक रात्रभर बंद ठेवा. सकाळी गेज तसाच असेल तर गळती पाइपांत किंवा रेडिएटरवर आहे. उतरला असेल तर बॉयलरच्या आत. बॉयलर सुरू करण्याआधी दोन्ही कॉक पुन्हा उघडा.