डोक्याला तेल न लावता या

शनिवारची सकाळ, औशाहून लातूरला जाणारी एसटी. खिडकीपाशी बसलेलं हे लेकरू नऊ वर्षांचं आहे, तिसरीत आहे, आणि वीसेक किलोमीटरच्या रस्त्यात त्यानं खिडकी सात वेळा उघडबंद केली, पुढच्या सीटच्या फाटक्या रेक्झिनमधून बोटानं स्पंज उकरला, कंडक्टरच्या तिकीट मशीनला हात लावला आणि एका आजोबांचा पाय तुडवला. बाजूला त्याची आई, म्हणजे माझी मावसबहीण. बाईमाणसाला एसटीत अर्धं तिकीट, बाराच्या आतल्या लेकराला पण अर्धं, दोघांचं मिळून एक फुल, हा हिशोब ती दरवेळी सांगते, कारण आठवड्यातून दोनदा ही वारी चालूय आणि सेंटरवाल्यांनी ४० सेशन सांगितलेत. ४० भागिले दोन, वीस आठवडे, पाच महिने. शेतातली कामं सांभाळून.

वारी कशाची, तर न्यूरोफीडबॅकची, म्हणजे मेंदूच्या लहरी मशीनवर दाखवत लेकराला ध्यान द्यायला शिकवायची. बिनगोळीचा इलाज.

आता लातूर काय गाव आहे ते तुम्हाला माहितीये. स्टँडमधून बाहेर पडलं की होर्डिंगच होर्डिंग, नीटला एवढे, जेईईला तेवढे, पासपोर्ट साईज फोटोंच्या रांगा. बारा-बारा तास एका जागी बसणं हाच ह्या गावातला सगळ्यात मोठा धंदा. आणि तिथं हे लेकरू दहा मिनिटं बसत नाही. शाळेतल्या बाईंनी वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठवलं होतं, 'हुशार आहे पण ध्यान नाही.' घरी आजी म्हणायची वांड आहे, बाप म्हणायचा माझ्यावर गेलंय, आणि आई मधल्या मधी दोघांचं ऐकून घ्यायची.

मग लातूरच्या एका डॉक्टरांनी तपासलं आणि एडीएचडी म्हणाले, म्हणजे ध्यान न टिकणं आणि एका जागी न बसणं. ह्याला रक्ताची टेस्ट नसते हे आधी समजून घ्या. आईबापाला विचारतात, शाळेला विचारतात, सहा महिने तरी हे चाललंय का, बारा वर्षांच्या आधीपासून आहे का, आणि एकाच ठिकाणी आहे का दोन-तीन ठिकाणी. नुसतं गणिताच्या तासालाच चुळबुळ होत असेल तर कदाचित गणिताचे सरच बोअर असतील. जगभरात साधारण शंभरातल्या पाच लेकरांना हे असतं म्हणतात, म्हणजे साठ पोरांच्या वर्गात तिघं. आठवून बघा तुमचा वर्ग, नावानिशी आठवतील.

डॉक्टरांनी गोळीचं नाव काढलं आणि बहीण तिथंच गळपटली. "आयुष्यभर खावी लागंल का ओ? पोरगं सुस्त पडंल का?" गोळी म्हणजे मिथाइलफेनिडेट. १९४४ मध्ये पानित्सोन नावाच्या केमिस्टनं ती स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तयार केली आणि बायकोच्या नावावरून, रीटावरून, तिचं नाव रिटालिन पडलं. औषध जुनं आहे, अभ्यासही भरपूर झालेत, बऱ्याच लेकरांना गुण येतो, पण भूक मरते, झोप बिघडू शकते, आणि कडक कंट्रोलखालचं औषध असल्यानं चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आपल्याकडं 'कंट्रोलखालचं' म्हणलं की माणसाच्या डोक्यात गांजाच येतो, त्याला कोण काय करणार. तेवढ्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर सेंटरचा नंबर पाठवला. औषध नाही, साईड इफेक्ट नाही, गेम खेळत मेंदू ट्रेन होतो.

चला, आत जाऊ.

पहिल्या दिवशी सेंटरमधल्या ताईनं लेकराचे केस बाजूला केले आणि परत पाठवलं. डोक्याला खोबरेल चापून आणलं होतं ना! आमच्याकडं लेकरू बाहेर न्यायचं म्हणजे आधी तेल, मग भांग. पण मेंदूचा सिग्नल मोजायचा मायक्रोव्होल्टमध्ये, व्होल्टचा दहा लाखावा हिस्सा, टॉर्चमधला सेल दीड व्होल्टचा असतो त्याच्याशी लावा हिशोब. कातडीवर तेलाचा थर असला की इलेक्ट्रोडचा कॉन्टॅक्टच नीट लागत नाही. म्हणून शाम्पू करून, कोरड्या केसांनी या. आज नीट आलंय बघा. ताई टाळूवरची जागा खरखरीत जेलनं घासते, पांढरी पेस्ट लावते, बटणाएवढा इलेक्ट्रोड चिकटवते, दोन्ही कानांच्या पाळ्यांना क्लिपा. बहीण हळूच विचारते, "शॉक तर देत नाहीत ना ओ?" नाही. ह्या मशीनमधून आत काहीच जात नाही, फक्त मोजणं. माणसाच्या डोक्यावरून असं पहिल्यांदा मोजलं हान्स बर्गर ह्या जर्मन डॉक्टरनं, १९२४ ला.

स्क्रीनवर कार आहे. सेकंदाला ४ ते ८ हेलकावे घेणाऱ्या थीटा लहरी कमी झाल्या आणि जलद बीटा लहरी वाढल्या की कार पळते, ध्यान सुटलं की थांबते. लेकरानं दात आवळले तरी थांबते, कारण जबड्याच्या स्नायूचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलवर चढून बसतो. कसं करायचं हे कुणी सांगत नाही, सांगताही येत नाही, सायकलचा बॅलन्स कुठं सांगता येतो. कार पळाली की मेंदूला शाबासकी, एवढंच तंत्र.

ह्याचं मूळ मांजरात आहे, खोटं नाही. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टर्मन नावाच्या शास्त्रज्ञानं बघितलं की मांजर हलत नाही पण पूर्ण सावध असतं, उंदराच्या बिळापाशी टपून बसल्यासारखं, तेव्हा त्याच्या मेंदूत सेकंदाला १२ ते १५ ची एक लय उठते. ती लय आली की दूध द्यायचं. मांजरं शिकली की! पुढं रॉकेटच्या इंधनातल्या विषारी रसायनाची चाचणी करताना तीच शिकलेली मांजरं त्या विषानं येणाऱ्या फिटच्या झटक्यांना जास्त टिकली. तिथून फिटच्या पेशंटवर प्रयोग झाले आणि १९७६ मध्ये टेनेसीच्या जोएल लुबारनं एका अतिचंचल मुलावर ते करून छापलं. गोष्ट इतकी भारी आहे की मलाही वाटलं, झालं, सापडला इलाज.

पण मग मी ह्याच न्यूरोफीडबॅकची अमेरिकेतली एक मोठी ट्रायल वाचली. ७ ते १० वर्षांची १४४ लेकरं, ३८ सेशन. काहींची कार त्यांच्या स्वतःच्या लहरींवर पळत होती आणि बाकीच्यांची आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या लहरींवर, म्हणजे लुटुपुटूची, आणि कुणाला कुठली हे लेकराला माहीत नाही, आईबापाला नाही, मास्तरला नाही. शेवटी काय निघालं? खऱ्या मशीनवाल्या ६१ टक्के लेकरांत चांगली सुधारणा, आणि खोट्या मशीनवाल्या ५४ टक्के. फरक मोजण्यात धरावा एवढा नाही. वर्षभरानं खऱ्या गटाला गोळ्या जरा कमी लागत होत्या हेही सांगतो, लपवून काय करायचं. पण पुढं ३८ ट्रायल आणि २,४७२ जणांचा एकत्र हिशोब मांडला गेला, त्यातही ज्यांना कोण कुठल्या गटात हे माहीत नव्हतं त्यांनी दिलेल्या मार्कांत ठोस फायदा दिसला नाही.

म्हणजे खोट्या कारनं पण लेकरं सुधारली! माझं डोकं तिथंच अडकलं. त्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना झोपेचं आणि खाण्यापिण्याचं मार्गदर्शन होतं, आणि आठवड्यातून ठरलेल्या वेळी एक मोठं माणूस फक्त त्याच्यासाठी समोर बसत होतं, चुकलं तर ओरडत नव्हतं, जमलं की लगेच सांगत होतं. आमच्या बहिणीच्या घरी बघा. सेशनला जायचं म्हणून लेकरू रात्री नऊला झोपायला लागलं, मोबाईल कपाटात गेला, आणि बसमधे तासभर आई कुणाचीच नव्हती, त्याची एकट्याची होती. पंधराव्या सेशननंतर बाईंचा निरोप आला, जरा फरक आहे. आता ह्याचं क्रेडिट कारला द्यायचं का एसटीला?

राग मला मशीनचा येत नाही, त्या रंगीत कागदाचा येतो. मेंदूचा लाल-निळा नकाशा काढून 'हा भाग वीक आहे' म्हणून आईच्या हातात देतात, आणि ती माउली तो कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवते. नुसत्या असल्या नकाशावरून एडीएचडी ठरत नाही. ऑटिझमसाठीपण हेच पॅकेज विकतात, तिथं तर पुरावा अजूनच पातळ. आणि आगाऊ पैसे भरून घेतात, ते वेगळंच.

फुकटातलंही आहे की काहीतरी, पण त्याचा नंबर कुणी व्हॉट्सॲपवर टाकत नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येतं, अठरापर्यंतची लेकरं तपासतं आणि पुढच्या तपासणीला जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लेकरांच्या अडचणी लवकर ओळखून इलाज करायच्या सरकारी केंद्रात, पाठवतं. आईबापाला शिकवणं हाही इलाजच आहे, लहान लेकरांना तर आधी तोच करा म्हणतात. एका वेळी एकच काम सांगायचं, नाव घेऊन सांगायचं, झालं की लगेच शाबास म्हणायचं. ऐकायला सोपं वाटतं. चुलीवर दूध उतू जातंय, दारात बाप हाका मारतोय आणि लेकरू मांजराच्या मागं पळतंय, तेव्हा करून बघा.

सव्विसाव्या सेशनला सोयाबीनची पेरणी आली आणि वारी थांबली. उरलेल्या चौदाचे पैसे परत मिळाले नाहीत. बहीण आठवडाभर गप्प होती, मग एक दिवस फोनवर म्हणाली, "दादा, ती गोळी एकदा विचारून तर बघू का ओ? कुणी जबरदस्ती थोडीच करायलंय." म्हणलं, विचार.

मंगळवारी लातूरला नंबर लागलाय. तीच एसटी, तीच खिडकी, दोघांत एक फुल. लेकरू कंडक्टरला विचारतंय की मशीनमधला कागद संपला की काय करता. केस कोरडे भुरभुरायलेत. डॉक्टरांना फक्त बोलायचंय, पेस्ट नाही, क्लिपा नाहीत, तरी तिनं आज तेल लावलं नाही. सवय लागलीय.